फोनवर घेतलेलं फसलं, तर पैसे परत कसे मागायचे?



आठवडी बाजारात आपण वांगी घेतो तेव्हा एकेक उलटून पाहतो. घरी येऊन किडकं निघालं तर पुढच्या बाजारी त्याच बाईला सांगतो, "मागच्या वेळी किडकी दिलीस गं." ती कुरकुरते, पण दोन वांगी जास्त टाकते. कारण ती समोर बसलेली असते, आणि आपण पुन्हा येणार हे तिला पक्कं माहीत असतं.

फोनवर घेतलेल्या गोष्टीचं तसं नाही. ऑनलाइन क्लास, मोबाइलमधलं अ‍ॅप, मुलांच्या गेममधली नाणी, सिनेमा-मालिकांचं सबस्क्रिप्शन, रिचार्ज. यातलं काहीच पिशवीत येत नाही. विकणारा कुठल्या गावात बसलाय ते कळत नाही. म्हणून फसलं की आपण गप्प बसतो. "जाऊ दे, आपलंच चुकलं," असं म्हणतो आणि घरातही कुणाला सांगत नाही.

या महिन्याचा पाठ त्यासाठीच आहे. फोनवर घेतलेल्या, हातात न येणाऱ्या वस्तूचे पैसे कधी परत मिळतात, कधी मिळत नाहीत आणि मागायचे कसे, ते आज शिकू.

एका बैठकीत निघालेल्या तीन गोष्टी

नावं सांगत नाही. या तिघी आपल्या कुठल्याही गटात असू शकतात.

पहिली ताई शिवणकाम करते. गटातून १०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं. मशीन दुरुस्त केली आणि उरलेल्यातले ३,४९९ रुपये एका ऑनलाइन ब्लाउज कटिंगच्या कोर्सला भरले. जाहिरातीत लिहिलं होतं: मराठीतून शिकवणार, ४० व्हिडिओ, रोज शंका विचारा, शेवटी प्रमाणपत्र. पैसे भरल्यावर निघाले ११ व्हिडिओ, तेही हिंदीतले. त्यातले सहा उघडतच नव्हते. शंका विचारली तर उत्तर नाही. पैसे परत मागितले तेव्हा मात्र लगेच उत्तर आलं: "हे डिजिटल प्रॉडक्ट आहे. नॉन-रिफंडेबल. अटी वाचा."

ताई तीन आठवडे कुणाशी बोलली नाही. कोर्स शिकून जे ब्लाउज शिवणार होती त्यातूनच हप्ता फेडायचा होता. आता हप्ता कुठून आणायचा? बैठकीत लिपिकेने कर्जाचा विनियोग विचारला तेव्हा तिचे डोळे भरून आले.

तिचं ऐकून दुसरी ताई म्हणाली, "माझ्या खात्यातून दर महिन्याला १९९ रुपये जातात. पासबुक भरलं तेव्हा कळलं. कशाचे जातात तेच माहीत नाही." तपासलं तर मुलाने चार महिन्यांपूर्वी "फक्त १ रुपयात ७ दिवस" अशी एक ऑफर घेतली होती. पिन ताईनेच टाकला होता. एक रुपयाचा तर प्रश्न होता!

तिसरी ताई म्हणाली, "मीही केकचा ऑनलाइन क्लास घेतला. शिकवतात चांगलं, पण माझ्याकडे ओव्हनच नाही. मलाही पैसे परत मिळतील का?"

तिघींचेही पैसे फोनवरूनच गेले, पण तिघींना मिळणारं उत्तर एक नाही. पाठाचं सार यातच आहे.

आधी विचारा: पैसे नेमके कशामुळे गेले?

पैसे परत मागण्याआधी आपली गोष्ट खालच्या पाचांपैकी कशात बसते ते ठरवा. वाट त्यावरून ठरते.

१. सांगितलं एक, दिलं दुसरं. जाहिरातीत होतं ते मिळालं नाही, सदोष निघालं, चाललंच नाही. (पहिली ताई)

२. नकळत कापले गेले. आपोआप दर महिन्याला जाणारे पैसे, न मागता जोडलेल्या वस्तूचे पैसे. (दुसरी ताई)

३. मन बदललं. वस्तू ठीक आहे, आपल्यालाच नको झाली. (तिसरी ताई)

४. मध्येच अडकले. खात्यातून गेले, पण रिचार्ज झाला नाही किंवा समोरच्याला पोचले नाहीत.

५. चोरी झाली. आपण घेतलंच नाही, कुणीतरी फसवून पैसे काढले.

आता एकेक पाहू.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन खरेदी-विक्रीसाठी वेगळे ई-कॉमर्स नियमही आले. कायद्यात ई-कॉमर्सची जी व्याख्या आहे, तिच्यात "डिजिटल उत्पादनं" हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे "हे डिजिटल आहे, याला कायदा लागत नाही," असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. किलोभर साखरेला जो कायदा, तोच ऑनलाइन कोर्सलाही.

नियम सांगतो की वस्तू किंवा सेवा सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विकणारा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत न करणं ही "अनुचित व्यापारी प्रथा" ठरते.

मग "नॉन-रिफंडेबल" या शब्दाचं काय? दुकानात पाटी असते ना, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही"? ती पाटी लावली म्हणून फाटकी साडी विकायचा हक्क दुकानदाराला मिळत नाही. तसंच इथे. चांगला माल आपल्याला नको झाला तर तो शब्द त्यांच्या उपयोगी पडेल. खोटा माल दिला असेल तर नाही.

म्हणून पहिल्या ताईची बाजू भक्कम आहे. तिने "आवडलं नाही" असं म्हणायचं नाही. तिने म्हणायचं, "जाहिरातीत मराठी आणि ४० व्हिडिओ सांगितले, मिळाले हिंदी आणि ११." बोलण्यातला हा फरक लहान वाटतो, पण सगळी तक्रार त्यावर उभी राहते.

एक शंका इथे बऱ्याच जणी काढतात. "मी धंद्यासाठी घेतलं, मग मी ग्राहक कशी?" पुन्हा विकण्यासाठी किंवा मोठ्या व्यापारासाठी घेतलं तर ग्राहक म्हणत नाहीत, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी जे घेतलं, त्याला कायद्याने व्यापारी हेतूतून वगळलं आहे. एक मशीन घेऊन घरी ब्लाउज शिवणारी ताई ग्राहकच आहे.

मन बदललं तर?

तिसऱ्या ताईला खरं सांगावं लागेल. युरोपातल्या देशांत ऑनलाइन घेतलेलं १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं, आणि तिथेही डिजिटल वस्तू एकदा ग्राहकाच्या संमतीने सुरू झाली की हा हक्क जातो. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीसाठी असा सरसकट हक्क नाही. मन बदललं तर कंपनीच्या स्वतःच्या धोरणात जे असेल तेच मिळतं. कुणी ७ दिवस देतं, कुणी काहीच देत नाही.

तरी एक विचारून पाहावं. प्ले स्टोअरमधून घेतलेलं अ‍ॅप किंवा गेममधली खरेदी असेल तर पहिल्या ४८ तासांत तिथेच परतावा मागता येतो. मिळेलच असं नाही, पण ४८ तासांनंतर अ‍ॅप बनवणाऱ्याकडे हात जोडावे लागतात. म्हणून नको असेल तर त्याच दिवशी मागा.

मुलांनी गेममध्ये पैसे घालवले असतील तर तेही लगेच कळवा. आपल्या करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालचं मूल करार करू शकत नाही. तक्रारीत "खरेदी अज्ञान मुलाने केली" हे जरूर लिहा. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करून ठेवा.

एक रुपयाचा पिन महाग का पडतो

आता दुसऱ्या ताईची गोष्ट. "१ रुपयात ७ दिवस" वर बोट ठेवलं की यूपीआयचा पडदा येतो. तिथे मोठ्या अक्षरात १ रुपया दिसतो. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ऑटोपे, दर महिना, इतक्या रकमेपर्यंत. तो पिन एका रुपयाचा नसतो. दर महिन्याला पैसे काढून न्यायची ती परवानगी असते. जसं आपण बँकेत कर्जाचा हप्ता कापायला सही देतो, तसंच.

याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती परवानगी केव्हाही रद्द करायची सोय द्यावी लागते. पण सूचना येते एसएमएसने, आणि आपण एसएमएस वाचत नाही. ताईच्या खात्याला तर जुना, बंद झालेला नंबर जोडलेला होता.

ध्यानात ठेवा: अ‍ॅप काढून टाकलं म्हणून पैसे कापणं थांबत नाही. अ‍ॅप उडवणं म्हणजे दुकानात जाणं बंद करणं. उधारीची वही तिथे तशीच चालू राहते. ऑटोपे वेगळं रद्द करावं लागतं.

ते असं करा. आपलं यूपीआय अ‍ॅप उघडा. आपल्या नावाच्या किंवा फोटोच्या गोलावर दाबा. "ऑटोपे" किंवा "मँडेट" असा शब्द शोधा. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात. नको ती उघडा आणि रद्द करा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथे "पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन" मध्ये जाऊन रद्द करा. नाही जमलं तर बँक सखीला किंवा बँकेच्या शाखेत सांगा, "माझ्या खात्यावरचं ऑटोपे बंद करायचं आहे."

ग्राहकाला अशा गाळात ओढणाऱ्या युक्त्यांना केंद्र सरकारने "डार्क पॅटर्न" म्हटलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यावर मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि अशा १३ युक्त्यांना मनाई झाली. त्यातल्या काही ओळखून ठेवा:

- खोटी घाई: "फक्त २ जागा उरल्या, १० मिनिटांत ऑफर संपेल." दुसऱ्या दिवशीही तीच दोन जागा उरलेल्या.
- टोपलीत गुपचूप टाकणं: आपण एकच वस्तू घेतली, बिलात विमा किंवा देणगी आपोआप जोडली.
- सबस्क्रिप्शनचा सापळा: घेणं एका बोटावर, बंद करणं दहा पडद्यांपलीकडे.
- लाजवणं: "नको, मला माझ्या मुलाचं भलं करायचं नाही," असं बटण दाबल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.
- थेंबथेंब किंमत: सुरुवातीला ४९९, शेवटच्या पडद्यावर ७४९.

आधीच टिक केलेली चौकट, म्हणजे आपण हो म्हणण्याआधीच त्यांनी हो म्हणून ठेवणं, हेही ई-कॉमर्स नियमांत चालत नाही. असं घडलं असेल तर तक्रारीत तोच शब्द लिहा. "मला समजलं नाही" यापेक्षा "चौकट आधीच टिक केलेली होती" या वाक्यात जास्त जोर आहे.

पैसे मध्येच अडकले तर

रिचार्ज केला, खात्यातून पैसे गेले, पण रिचार्ज झाला नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे, यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला केलेला भरणा अडकला तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. आपण एखाद्या व्यक्तीला पाठवले आणि तिच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापेक्षा उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. ही भरपाई फारच थोड्या जणी मागतात, कारण ती माहीतच नसते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे मोफत तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

चोरी झाली तर थांबायचं नाही

ओटीपी विचारून, लिंक पाठवून किंवा अनोळखी अ‍ॅप टाकायला लावून कुणी पैसे काढले असतील तर ती तक्रार ग्राहकाची नाही, गुन्ह्याची आहे. ताबडतोब १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडवायची शक्यता जास्त. मग बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेची किंवा आपली चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकाने सोसायचं नाही. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपायी एक दिवसही घालवू नका.

तक्रारीच्या पाच पायऱ्या

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, लेखे. त्यातलं शेवटचं सूत्र इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ज्याचा लेखा नाही त्याची तक्रार टिकत नाही.

पहिली पायरी, पुरावा गोळा करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर, बिल, आणि जे मिळालं त्याचाही स्क्रीनशॉट. उघडत नसलेल्या व्हिडिओचा फोटोही पुरावाच. जाहिराती रातोरात बदलतात, म्हणून हे काम आधी करा.

दुसरी पायरी, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने असा अधिकारी नेमायचा आणि त्याचं नाव व संपर्क आपल्या पानावर द्यायचा, असा नियम आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची. फोनवर बोलणं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. म्हणून ईमेल करा.

तिसरी पायरी, १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. फोन मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. ते तक्रार नोंदवून नंबर देतात आणि कंपनीकडे पाठवतात. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, पण सरकारी वाटेने तक्रार आली की बऱ्याच कंपन्या जाग्या होतात.

चौथी पायरी, बँक. कार्डने पैसे भरले असतील तर बँकेत "व्यवहारावर हरकत घ्यायची आहे" असं लेखी द्या. यूपीआय असेल तर अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर दाबून "मदत" किंवा "तक्रार" निवडा. ही पायरी तिसरीच्या बरोबरीने केली तरी चालते.

पाचवी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायलाच हवा असं नाही. कंपनी बंगलोरची असो की दिल्लीची, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. निकालाला वेळ लागू शकतो, हे मनाशी धरून चाला. पण पहिल्या चार पायऱ्या नीट चढल्या असतील तर बऱ्याच तक्रारी इथवर येतच नाहीत.

तक्रारीचा नमुना

हा कापून वहीत चिकटवा. आपल्याला लागेल तसा बदला.

> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी, (कंपनीचं नाव)
>
> विषय: जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याने पैसे परत मिळण्याबाबत
>
> मी दि. ____ रोजी आपल्याकडून ____ हा कोर्स रु. ____ भरून घेतला. व्यवहार क्रमांक ____.
> आपल्या जाहिरातीत ____ असे लिहिले होते. प्रत्यक्षात मला ____ मिळाले. दोन्हीचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.
> ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे जाहिरातीनुसार नसलेल्या सेवेचे पैसे परत करणे बंधनकारक आहे. कृपया ४८ तासांत पोच द्यावी व पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन व जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.
>
> नाव, गाव, मोबाइल

पाहा, यात रडणं नाही, भांडण नाही, शिव्या नाहीत. तारीख, रक्कम, काय सांगितलं, काय दिलं, काय हवं. एवढंच.

पैसे परत मिळवताना पुन्हा फसू नका

आधीच दुखावलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं. इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" म्हणून शोधलं की चोरांनी पेरलेले नंबरही वर येतात. तिथे फोन लावला की गोड आवाजात माणूस म्हणतो, "मॅडम, रिफंड देतो, फक्त हा कोड स्कॅन करा, पिन टाका."

तीन गोष्टी घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा:

- पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.
- नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा बिलावरूनच घ्यायचा.
- रिफंडसाठी कुणी दुसरं अ‍ॅप टाकायला किंवा फोनचा पडदा दाखवायला सांगितलं, तर फोन ठेवून द्यायचा.

घेण्याआधी दोन मिनिटं

भांडून परत मिळवण्यापेक्षा आधीच थांबणं स्वस्त. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. परतावा धोरणात काय लिहिलंय? तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का? पिन टाकायच्या पडद्यावर "ऑटोपे" हा शब्द आहे का? आणि चौथा: ही गोष्ट मी उद्या सकाळी घेतली तर काय बिघडेल? खरी वस्तू उद्याही तिथेच असते.

त्या तिघींचं पुढे काय झालं

त्या दिवशी बैठक लांबली. लिपिकेने शिवणकामवाल्या ताईचा फोन घेतला आणि दोघींनी मिळून जाहिरातीचे स्क्रीनशॉट शोधले. जाहिरात पानावरून निघून गेली होती, पण ताईने घेण्याआधी ती आपल्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. तिथे ती सापडली! ईमेल गेला. आठ दिवस उत्तर नाही. मग १९१५ ला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. कंपनीने आधी "अर्धे देतो" म्हटलं. ताईने पुन्हा तेच लिहिलं: मराठी सांगितलं, हिंदी दिलं. महिना संपायच्या आत ३,४९९ रुपये पूर्ण परत आले. गेले त्याच खात्यात.

दुसऱ्या ताईचं ऑटोपे त्याच संध्याकाळी बंद झालं. कापलेल्या चार महिन्यांपैकी कंपनीने शेवटच्या एकाच महिन्याचे पैसे परत केले. बाकीचे गेले. तिने दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन मोबाइल नंबर बदलून घेतला. आता प्रत्येक एसएमएस वाचते, आणि मुलाला सांगते, "एक रुपयाचं काहीही असलं तरी आधी मला दाखव."

तिसऱ्या ताईला पैसे मिळाले नाहीत. पण गटातल्या एकीने सांगितलं की कुकरमध्येही केक होतो. तिने क्लास पूर्ण केला. गटाच्या वर्धापन दिनाचा केक तिनेच आणला होता.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय घडलं असेल तर ते म्हणजे पहिल्या ताईने तोंड उघडलं. ती गप्प राहिली असती तर दुसरीचे १९९ अजूनही जात असते. फसणं ही लाजेची गोष्ट नाही. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

१. प्रत्येकीने आपला फोन उघडून ऑटोपेची यादी पाहावी. ज्यांना जमत नाही त्यांना शेजारी बसलेलीने दाखवावं. पिन मात्र कुणी कुणाला सांगायचा नाही, गटातही नाही.

२. बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते विचारावं. बंद असेल त्यांची नावं लिपिकेने लिहून घ्यावीत आणि पुढच्या बँक फेरीत बदलून घ्यावेत.

३. १९१५, १९३० आणि १४४४८ हे तीन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत.

४. चर्चा करा: "नॉन-रिफंडेबल लिहिलेलं होतं, तरी पहिल्या ताईला पैसे का मिळाले आणि तिसरीला का नाही?" याचं उत्तर प्रत्येकीला आपल्या शब्दांत सांगता आलं, की हा पाठ पूर्ण झाला.

कुणाची अशी तक्रार चालू असेल तर पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत जरूर मांडा. एकटीच्या ईमेलपेक्षा दहा जणींनी मिळून विचारलेला प्रश्न मोठा असतो, हे आपण गटात येऊन शिकलोच आहोत.